अंगणातून तेजोमेघाचे फोटो काढतो पण तारे रेघा होतात, मोठी दुर्बीण घेऊ का?

तुमच्याकडं १३० मिमीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, जुना डीएसएलआर आहे, मृगातल्या तेजोमेघाचा (अवकाशातल्या चमकत्या वायू-धुळीच्या ढगाचा) फोटो घेतला की ताऱ्यांच्या रेघा येतात, म्हणून आता ८ इंची घ्यायचा विचार आहे म्हणता.

नका घेऊ भाऊ. फोकल लेंग्थ (फोटोत आकाश किती मोठं येणार ते ठरवणारी लांबी) वाढली की रेघा अजून लांब होतील. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, म्हणजे ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये मृगातला तारा चंद्राच्या पाव रुंदीएवढा पळालेला असतो, त्यात तुमच्या दुर्बिणीचा काय दोष. पैसे घालायचेच तर मोटरवाल्या इक्वेटोरियल माउंटमध्ये (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणाऱ्या स्टँडमध्ये) घाला, दुर्बिणीपेक्षा महाग पडला तरी चालेल.

या माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडं लावावा लागतो आणि इथंच आपली गोची होते. जेवढा आपला अक्षांश तेवढाच ध्रुव क्षितिजाच्या वर, म्हणजे विदर्भात २०-२१ अंश फक्त. परदेशी व्हिडिओत तो मस्त ४०-५० अंशांवर दिसतो, आपल्याकडं कौलामागं नाहीतर निंबामागं. मी पहिला अख्खा हिवाळा हट्टानं अंगणातच काढला, फांद्यांतून कधी दिसायचा कधी नाही, शेवटी सगळं बिऱ्हाड उचलून वावरात नेलं. तिथं उत्तर मोकळी, पण रानडुकरं अन् रोह्यांपायी शेजारच्या वावरात काका जागलीला, मी लाल लाइट लावून वाकलेलो दिसलो तर त्यांना वाटलं विहिरीवरची मोटर चोरायला कोणी आलं, लांबूनच बॅटरीचा असा झोत मारला की चार-पाच फ्रेम पांढऱ्याफटक. आता आधी सांगून जातो. शनीची कडी दाखवल्यापासून काकाच झोत दुसरीकडं फिरवतात.

लाइटीचं टेन्शन घेऊ नका. बरेच छोटे माउंट १२ व्होल्टवर चालतात, त्याला फवारणीच्या पंपाची बॅटरी पुरते, फक्त प्लस-मायनस दोनदा तपासा.

फोटो एक काढायचाच नाही, शंभर काढायचे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), ३०-३० सेकंदांचे, मग डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमध्ये (दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत) एकावर एक रचायचे, १०० फ्रेमांनी नॉइज (फोटोतले नको ते बारीक ठिपके) साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. मृगाच्या तेजोमेघाचा मधला भाग मात्र फार उजळ, तो जळतो, म्हणून त्याच्यासाठी ५-५ सेकंदांचे थोडे वेगळे घ्या. शेवटी दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या २०-३० डार्क फ्रेम (नुसते काळे फोटो, रचताना सेन्सरचा नॉइज वजा करायला), तिथंच, त्याच थंडीत. घरी येऊन काढल्या तर उपयोग नाही कारण सेन्सरचा गरमीचा नॉइज साधारण तापमानाच्या दर ६ अंश सेल्सिअसमागं दुप्पट होतो. आपल्या मे महिन्यात तर काय होत असेल बघा, रात्री दहालाही कॅमेरा तापलेलाच! मी एप्रिलनंतर दुर्बीण गुंडाळूनच ठेवतो, डिसेंबर-जानेवारीची अमावस्या खरी. दव तेवढं पडतं, आरशाच्या न्यूटोनियनला नळीमुळं बराच आडोसा मिळतो पण फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) भिजतो, रुमाल ठेवा.

अजून एक, कॅमेरा जोडल्यावर फोकसच लागत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच स्वस्त न्यूटोनियनमध्ये फोकसर तेवढा आत जातच नाही. बार्लो (फोकस बाहेर ढकलणारं जोडभिंग) लावून बघा, नाहीतर मुख्य आरसा थोडा पुढं सरकवावा लागतो. आणि लाल रंग फिका आला तर तो साध्या डीएसएलआरच्या आतल्या फिल्टरमुळं, हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश तो बराचसा अडवतो.

माउंटचं बजेट आत्ताच नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवा. साध्या ट्रायपॉडवर ५० मिमी लेन्स, ५-६ सेकंदांचे दीडशे-दोनशे फोटो, मृगाच्या बाणाकडं तोंड करून. एवढ्यातही तेजोमेघाचा गुलाबी ठिपका येतो, माझा पहिला तसाच आला होता.