शिडाच्या बोटीतून सूर्यास्त : वाचक विचारतात

शहराच्या काठाकाठाने शिडाच्या बोटीतून संध्याकाळची फेरी, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्याचे प्रश्न एकत्र केले आहेत.

सूर्यास्त ६.४५ ला आहे. एक फेरी ५ ते ७ आणि दुसरी ६.१५ ते ८.१५. दोन्हींवर ‘सनसेट सेल’ असंच लिहिलंय. कोणती घ्यावी?

दुसरी. पहिल्या फेरीत सूर्यास्त घड्याळाच्या हिशोबात बसतो, बोटीच्या हिशोबात बसत नाही. ७ वाजता माणसं धक्क्यावर उतरवायची तर साडेसहाच्या सुमारास इंजिन सुरू होतं. बोट वाऱ्याकडे तोंड करून धरली जाते, मोठं शीड खाली येतं, घड्या घालून बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीला, बांधलं जातं. मग बाजूंना फेंडर, म्हणजे धक्क्यावर आपटू नये म्हणून लावायच्या गाद्या, लटकवायचे, दोर मोकळे करून ठेवायचे. ज्या दहा मिनिटांसाठी पैसे मोजले, नेमकी तीच या आवराआवरीत जातात.

दुसरं असं की ॲपवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिज धरून काढलेली असते. शहरात तसं क्षितिज क्वचितच मिळतं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पलीकडच्या काठावर ६०० मीटर अंतरावर ६० मीटर उंच इमारतींची रांग असेल, तर विषुववृत्ताच्या जवळपासही तो २० ते २५ मिनिटं आधीच तिच्याआड जातो. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितका तो तिरका उतरतो आणि हा फरक वाढत जातो. ६.४५ च्या सूर्यास्ताला बिंब प्रत्यक्षात ६.२० लाच दिसेनासं होऊ शकतं. म्हणून ६.१५ च्या फेरीला निघताना धक्क्यावर रेंगाळू नका. मात्र खरा रंग त्यानंतरच चढतो. सूर्यास्तानंतर साधारण १० ते २५ मिनिटांत आकाशाचा उजेड आणि इमारतींतले दिवे एकमेकांच्या तोडीस तोड येतात, आणि तेव्हा तुम्ही पाण्यावर असायला हवं.

दोन तासांतला निम्मा वेळ इंजिन चालू होतं. वारा तर चांगला अंगाला लागत होता. शिडाची बोट म्हणून तिकीट विकायचं आणि इंजिनावर फिरवायचं, ही फसवणूक नव्हे का?

कधीकधी असते, बहुतेक वेळा नसते. आधी एक गैरसमज दूर करू. अंगाला लागणारा वारा हा वाऱ्याचा पुरावा नव्हे. बोट इंजिनावर ५ नॉटने चालली (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) तर हवा ठार पडलेली असतानाही तोंडावर ५ नॉटचा वारा येतो. वारा पाण्यावर बघावा. पाणी आरशासारखं असेल तर वारा नाही. छोट्या, न फुटणाऱ्या लाटा सगळीकडे दिसत असतील तर ४ ते ६ नॉट. लाटांचे माथे कुठेकुठे फुटून पांढरे व्हायला लागले की ७ ते १०. नदीत वाऱ्याला लाट उठवायला लांब पल्ला मिळत नाही, त्यामुळे पांढरे माथे समुद्रापेक्षा उशिरा दिसतात, एवढी सूट द्या.

आता अडचण अशी की सूर्यास्ताची वेळ हीच वारा पडण्याची वेळ. दिवसा तापलेल्या जमिनीमुळे हवा वर-खाली घुसळत राहते आणि उंचावरचा जोरकस वारा खाली उतरतो. ऊन कललं की जमीन निवते, तळची हवा गार आणि जड होते, वरच्या हवेशी तिची सरमिसळ थांबते. समुद्राजवळच्या शहरांत दुपारी सुटलेला समुद्रवाराही याच सुमारास मंदावतो. त्यात शहर स्वतःची भर घालतं. उंच इमारतींच्या आडोशाला, त्यांच्या उंचीच्या दहापट अंतरावर आणि त्याहूनही पुढे, वारा तुटक येतो. रस्त्याच्या तोंडाशी अचानक झोत, दोन इमारती पुढे गेलं की शीड लोंबतंय.

मग प्रवाह. समजा वारा ६ नॉट आणि त्यावर बोट जेमतेम ३ नॉटने चालते. नदीचा प्रवाह २ नॉट. प्रवाहाबरोबर निघालात तर काठाच्या हिशोबात वेग ५ नॉट, ४० मिनिटांत सव्वासहा किलोमीटर अंतर जाल. परतताना तोच वेग १ नॉट. तेवढ्याच अंतराला ३ तास २० मिनिटं! म्हणून जाणता कप्तान आधी प्रवाहाविरुद्ध जातो, गरज पडली तर इंजिनावर, आणि परतीला प्रवाहाच्या जोरावर शिडाने येतो. भरती-ओहोटी पोचणाऱ्या नदीत प्रवाहच दिशा बदलतो, तिथे हा हिशोब रोज वेगळा. त्यामुळे कालची फेरी डावीकडे गेली आणि आजची उजवीकडे, यात लहरीपणा नसतो.

शिवाय शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांच्या आत शीड नुसतं फडफडतं. नदीच्या लांबीतून समोरून वारा येत असेल तर नागमोडी जायचं. पात्राचा वापरण्याजोगा पट्टा २०० मीटरचा असेल तर एक तिरकी धाव २८० मीटरची होते, ४ नॉटने ती सव्वादोन मिनिटांत संपते, की लगेच बोट वळवा, शिडाची बाजू बदला, प्रवाशांना उठवा. प्रत्येक वळणाला वेग मरतो तो वेगळाच. असं अर्धा तास केलं की शिडाचा हट्ट धरणारा प्रवासीही इंजिनाला हरकत घेत नाही. धक्क्यावरून निघताना, पुलाखालून जाताना आणि मोठ्या जहाजांच्या अरुंद मार्गात इंजिन लावणं तर शहाणपणाचंच. अशा मार्गात ज्यांना बाहेर वळता येत नाही त्या जहाजांना अडथळा करू नये, असा नियमच २० मीटरपेक्षा लहान बोटींना आणि शिडाच्या बोटींना आहे.

मग फसवणूक कधी म्हणावी? पाण्यावर ८-१० नॉटचा वारा स्पष्ट दिसतोय, पात्र रुंद आहे, वेळ हाताशी आहे, आणि तरी पुढचं शीड एकदाही उघडलं नाही. हे शीड बहुतेक बोटींवर पुढच्या तारेभोवती गुंडाळलेलं असतं, दोर ओढला की मिनिटाभरात उघडतं. मोठं शीड फोटोपुरतं वर आणि खाली इंजिन गुरगुरतंय, असं दिसलं तर सरळ विचारा. (लाटांवर डोलणं कमी व्हावं म्हणूनही इंजिनाबरोबर मोठं शीड ठेवतात, पण मग कप्तान तसं सांगतो.) तिकीट काढण्याआधीच एक प्रश्न विचारावा: वारा पडला तर काय करता? ‘इंजिनावर फिरवू, पैसे परत नाहीत’ हे उत्तर ऐकायला कडू असलं तरी सरळ आहे. ‘आमच्याकडे वारा नेहमीच असतो’ म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

बोट एका बाजूला कलते तेव्हा आईचा जीव घाबरा होतो. उलटणार नाही ना?

तळाला जड कील, म्हणजे पाण्यात खाली उतरलेला वजनदार कणा, असलेली बोट कललीच पाहिजे, ती तशीच चालते. अशा बोटीच्या एकूण वजनातलं सुमारे ३० ते ४० टक्के वजन खालच्या कीलमध्ये, शिसं किंवा बिडाच्या रूपात असतं. बोट जितकी कलते तितकं हे वजन तिला सरळ करायला जास्त जोर लावतं, आणि शीड आडवं होत गेल्याने त्याला लागणारा वारा मात्र कमी होतो. १५-२० अंश कलणं रोजचंच, जरी बसणाऱ्याला ते ४० वाटलं तरी. पुढे कलली तर वेगही मिळत नाही, म्हणून कप्तान स्वतःच शीड ढिलं सोडतो किंवा खालून गुंडाळून लहान करतो. आईंना त्रास होत असेल तर निघण्याआधी त्याला सांगा. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे शीड आधीच लहान करणं नंतर धावपळ करण्यापेक्षा सोपं.

दोन अरुंद होड्या शेजारी जोडल्यासारखी दिसणारी कॅटमरान जवळजवळ कलत नाही, वयस्क मंडळींसाठी ती बरी. ज्या छोट्या बोटींना जड कील नसते त्या मात्र खरंच उलटू शकतात. त्यांचा तोल माणसांच्या बसण्यावर असतो आणि उभं राहून फोटो काढायची ती जागा नव्हे.

चांगली जागा कोणती? लवकर जाऊन धरून ठेवायची आहे.

धरून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. बोट वळली की उंच बाजू सखल होते आणि सूर्य डावीकडचा उजवीकडे जातो. बोट वळवण्याआधी कप्तान ‘रेडी?’ असं ओरडतो तेव्हा हातातलं काम थांबवा, डोकं खाली घ्या आणि बूम पलीकडे गेल्यावरच जागा बदला. वारा मागून असताना बूम जास्त धोकादायक. तेव्हा सगळं शांत वाटतं, आणि दिशा थोडी चुकली की ती पूर्ण वेगाने या बाजूकडून त्या बाजूला येते. ताणलेल्या दोराला टेकू नका, विंचच्या, म्हणजे दोर ताणायच्या यंत्राच्या, उभ्या चक्राजवळ बोटं, ओढणी, मोकळे केस नेऊ नका.

कोरडं राहायचं असेल तर मागे, सुकाणूजवळ बसा. पुढे दृश्य मोकळं, पण पाण्याचे शिंतोडे आणि थंडीही तिथेच.

दुपारी उकडत असतं. तरी गरम कपडे न्यायला का सांगतात?

१० नॉटच्या वाऱ्यात बोट वाऱ्याबरोबर ५ नॉटने चालली तर तुम्हाला फक्त ५ नॉटचा वारा लागतो. तीच बोट वळून वाऱ्याला ४५ अंशांवर आली की १४ नॉट. वारा तोच, अंगावरचा जवळजवळ तिप्पट. त्यात ऊन गेलेलं. वारा न शिरणारं एक जाकीट पुरे. बूट सपाट, रबरी, फिकट तळाचे घ्या, काळ्या तळाचे डाग डेकवर पडतात.

पुलाखालून जाताना डोलकाठी आता लागणार असंच वाटतं. खरंच किती जागा असते?

खालून वर बघणाऱ्याला ती नेहमीच लागणार असं दिसतं, चार मीटर मोकळी जागा असली तरी. कप्तान नजरेवर जात नाही. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, त्यावरचा अँटेना धरून, त्याला पाठ असते. पुलाची नकाशातली उंची ठरावीक पाणीपातळीपासून दिलेली असते, म्हणून पावसाने नदी चढली की तेवढी वजा करायची. पुरेशी जागा उरत नसेल तर फेरी अलीकडूनच फिरते.

बोटीवर सगळ्यांना लाइफजॅकेट देतात, पण पट्ट्यासारखं पातळ असतं. त्याने माणूस तरंगेल? मुलांचं काय?

पातळ दिसतं ते हवेने फुगणारं. पाण्यात पडताच आतली यंत्रणा गॅसची नळी फोडते आणि काही सेकंदांत ते फुगतं. दोर ओढून हातानेही फुगवता येतं, तो दोर कुठे लोंबतोय ते बघून ठेवा. प्रौढांच्या जॅकेटवर सहसा १५० न्यूटन लिहिलेलं असतं, हे तरंगवण्याच्या जोराचं माप. पोहता न येणाऱ्याने ५० न्यूटनवाल्यावर विसंबू नये, ते पोहणाऱ्यांना मदत म्हणून असतं. जॅकेट सर्व कपड्यांच्या वर घालायचं. आत घालून वरून कोटाची चेन लावली तर फुगताना छाती आवळली जाते.

लहान मुलांचं जॅकेट वयावर नव्हे, वजनावर निवडतात. घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधल्याशिवाय मुलाला डेकवर सोडू नका.

कोणी पडलंच तर ओरडा, तरंगणारी वस्तू टाका, आणि एकाने फक्त बोटाने त्या माणसाकडे दाखवत राहायचं. नजर क्षणभरही हलवायची नाही. तिन्हीसांजेला पाण्यातलं डोकं एकदा नजरेआड झालं की पुन्हा सापडणं फार अवघड.

नदीत बोट लागते का?

समुद्रापेक्षा खूप कमी. त्रास झालाच तर खालच्या केबिनमध्ये जाऊ नका आणि मोबाइलमध्ये बघू नका. दूरच्या काठावर नजर ठेवा. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे.

फोटोत सूर्य येतो पण शहर काळं पडतं. काय करावं?

शहर पश्चिमेच्या काठावर असेल तर ते काळंच येणार. छायाचित्र म्हणून तेही चांगलं, मोबाइलवर सूर्याच्या शेजारच्या आकाशाला बोट लावून उजेड कमी करा. शहर पूर्वेच्या काठावर असेल तर सूर्याकडे पाठ करा, काचेच्या इमारती त्या वेळी तांबूस पेटलेल्या असतात आणि बहुतेक प्रवासी उलट्या दिशेला बघत असतात. उजेड गेल्यावर हलत्या बोटीवर तिवईचा उपयोग नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवा आणि शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवा.

ढग आले म्हणून फेरी रद्द झाली, पाऊस पडलाही नाही. हे योग्य का?

पावसासाठी नसेल, विजेसाठी असेल. उघड्या पाण्यावर डोलकाठी हीच सर्वांत उंच वस्तू. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं निघायचं नाही, हा सर्वमान्य दंडक आहे. दोन तासांच्या फेरीत अर्धा तास गेला की सूर्यास्तही गेला, म्हणून रद्द करतात.

मुलीचा प्रश्न : अंधार पडल्यावर बोटींवर लाल आणि हिरवे दिवे का लागतात?

बोटीवर पुढे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा आणि मागे पांढरा. बाजूचे दोन्ही दिवे प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतात, मागचा १३५ अंशांत, मिळून बरोबर ३६०. समोरच्या बोटीचा फक्त लाल दिसला तर तिची डावी बाजू तुझ्याकडे आहे, ती तुझ्या समोरून उजवीकडून डावीकडे चाललीय. दोन्ही एकदम दिसले तर ती थेट तुझ्याकडे येतेय. हे दिवे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेले आहेत. इंजिन लावलं की शिडाच्या बोटीने पुढे दिसणारा आणखी एक पांढरा दिवा डोलकाठीवर लावायचा असतो, मग शीड वर असलं तरी. तो पांढरा दिवा लागलेला दिसला की ती बोट इंजिनावर चाललीय असं बाबांना खुशाल सांग.