शॉपिंग सेंटरमधला दिवस: खरेदी, जेवण आणि करमणूक यांचा क्रम कसा लावावा

सत्तरीच्या पुढचे आई-वडील आणि पाच व अकरा वर्षांची मुले यांच्यासह शॉपिंग सेंटरमध्ये सुट्टीचा दिवस घालवायचा आहे, पण मागच्या खेपेला सगळेच दमून, चिडचिड करत आणि यादीत नसलेल्या वस्तूंनी भरलेल्या पिशव्या घेऊन परतले, तेव्हा या वेळी आखणी कशी करावी, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की कोणत्या दुकानांत जायचे हे नंतर पाहा, आधी दिवसाचा क्रम ठरवा. डोके ताजे असताना काय करायचे, बसायचे केव्हा, कोण कोणासोबत राहणार आणि निघायचे किती वाजता, या चार गोष्टी घरीच ठरल्या तर निम्मा त्रास वाचतो. तिथे पोहोचल्यावर त्या ठरवणे फार अवघड जाते, आणि त्यात तुमचा काही दोष नाही, कारण ती इमारत मुळात माणसाने रेंगाळावे अशाच हेतूने बांधलेली असते.

पूर्ण बंदिस्त, बाराही महिने एकाच तापमानात ठेवलेले शॉपिंग सेंटर ही कल्पना रूढ झाली ती व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नात जन्मलेल्या वास्तुरचनाकारामुळे. त्याने आखलेले साउथडेल सेंटर अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एडायना इथे १९५६ साली सुरू झाले. दोन प्रतिस्पर्धी मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स एकाच छताखाली, मध्ये उंच छताचा प्रशस्त चौक आणि आत तोंड करून बसलेली लहान दुकाने, हा त्याचा आराखडा जगभर गिरवला गेला. लोकांनी एकत्र जमावे, बसावे, बोलावे अशी जागा शहराच्या कडेच्या वस्त्यांना मिळावी, असे ग्रुएनच्या मनात होते. पुढे या इमारतींचे जे झाले त्यावर त्याने स्वतःच कडक टीका केली. ठरावीक वस्तू घ्यायला आलेला माणूस आत शिरताच ती विसरून नुसताच हिंडू लागतो, या अनुभवाला आज त्याच्याच नावाने ‘ग्रुएन ट्रान्सफर’ म्हणतात.

या आराखड्याचे परिणाम तुम्हाला पायांनी भोगावे लागतात. लोकांना खेचून आणणारी मोठी दुकाने बहुधा दोन टोकांना असतात, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधल्या सगळ्या लहान दुकानांसमोरून जावे लागते. पुष्कळ ठिकाणी सरकत्या जिन्याने एक मजला चढल्यावर पुढचा जिना तिथेच सापडत नाही, तो गाठायला वळसा घालावा लागतो. बाहेरचे ऊन-सावली दिसत नाही, भिंतीवर घड्याळ क्वचितच असते. संगीताचाही परिणाम होतो. रोनाल्ड मिलिमन या संशोधकाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या एका सुपरमार्केटमधील प्रयोगात, जलद संगीताच्या तुलनेत संथ संगीत लावले असताना लोक अधिक सावकाश चालले आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली. एका प्रयोगातला आकडा सगळीकडे जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही, पण चाल मंदावली की हात वस्तूंकडे जातो, हे कोणालाही पटेल. म्हणून जाण्याआधी सेंटरचा नकाशा मोबाइलवर पाहून घ्या, तुमच्या मुख्य दुकानाला सर्वांत जवळचे प्रवेशद्वार कोणते ते शोधा आणि गाडीही त्याच बाजूला लावा. वृद्ध माणसांसाठी ही एवढी एकच गोष्ट मोलाची ठरते.

आता क्रमाविषयी. सेंटर उघडते त्या सुमारास पोहोचावे. त्या वेळी गर्दी नसते, विक्रेत्यांना नीट बोलायला सवड असते आणि ट्रायल रूमसमोर रांग नसते. ज्या खरेदीत निवड करावी लागते, मापे पाहावी लागतात, किमतींची तुलना करावी लागते, ती याच वेळात उरकावी. जड आणि ठरलेले सामान, ज्यात विचार करण्यासारखे काही नाही, ते शेवटी घ्यावे, म्हणजे दिवसभर वाहावे लागत नाही. याला एक अपवाद आहे, तो पादत्राणांचा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगतात, त्यामुळे सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावू शकतो. ही खरेदी दुपारनंतर करावी, नेहमीचे मोजे घालून करावी आणि दोन्ही पायांत घालून पाहावी, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो.

कपड्यांच्या बाबतीत ट्रायल रूममध्ये नुसते आरशासमोर सरळ उभे राहणे पुरेसे नाही. हात डोक्यावर उचलावेत, वाकावे, आत स्टूल असल्यास बसून पाहावे. पँट उभ्याने चांगली दिसते आणि बसल्यावर कमरेत रुतते, हे तिथेच कळलेले बरे. काखेतली आणि मांडीजवळची शिवण आतून उलटवून पाहावी, बोटांनी हलकेच ताणावी. टाके विलग होऊन मधून उजेड दिसू लागला तर तो कपडा फार काळ टिकणार नाही. रंगाचा निर्णय मात्र ट्रायल रूममध्ये घेऊ नये. दोन कापडांचे रंग एका प्रकारच्या दिव्याखाली अगदी जुळतात आणि दुसऱ्या उजेडात स्पष्ट वेगळे दिसतात, असे खरोखर घडते, कारण रंगद्रव्ये निराळी असली की ती प्रत्येक उजेड निराळ्या प्रकारे परावर्तित करतात. जोडीचे कपडे घेत असाल तर विक्रेत्याला सांगून ते दाराजवळच्या किंवा काचेच्या छताखालच्या नैसर्गिक प्रकाशात नेऊन पाहा. बहुतेक जण याला हरकत घेत नाहीत.

पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा: वस्तू परत केल्यास पैसे मिळतील, बदली वस्तू मिळेल, की फक्त क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात पुढे वापरायची तेवढ्या रकमेची चिठ्ठी? या तीन गोष्टी अगदी भिन्न आहेत, आणि एकाच छताखालच्या दोन शेजारी दुकानांचे नियमसुद्धा वेगळे असू शकतात. सवलतीत घेतलेल्या मालाला हा नियम लागू आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. मिळालेल्या बिलाचा तिथेच मोबाइलने फोटो काढावा. बरीच बिले थर्मल कागदावर छापलेली असतात, त्यात शाई नसते. उष्णतेने रंग बदलणारा लेप असतो, आणि ऊन, उष्णता किंवा प्लॅस्टिकचे पाकीट यांच्या संपर्कात तो काही महिन्यांत फिका पडतो. वॉरंटीच्या वस्तूंचे बिल नेमके गरजेच्या वेळी कोरे निघणे यासारखे वैतागवाणे काही नाही.

पाच वर्षांच्या मुलाला कपड्यांच्या दुकानात तासभर थांबवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. सोबत तुम्ही दोघे पालक असाल तर खरेदीच्या वेळात दोन गट करावेत: एकाने खरेदी करावी, दुसऱ्याने धाकट्याला खेळाच्या जागेत न्यावे, आणि नंतर अदलाबदल करावी. अकरा वर्षांच्या मुलाला खरेदीत खरे काम द्यावे. यादी त्याच्या हातात द्यावी, घेतलेल्या वस्तूवर खूण करायला आणि बेरीज करायला सांगावे. या वयाची मुले जबाबदारी मिळाली की आश्चर्य वाटावे इतक्या शिस्तीने वागतात. मात्र आजी-आजोबांना बाकावर बसवून त्यांच्याकडे पिशव्या आणि नातवंडे दोन्ही सोपवून निघून जाऊ नये. गजबजाटात चपळ मुलावर लक्ष ठेवणे त्यांना झेपत नाही, आणि तेही दिवस मजेत घालवायलाच आलेले असतात.

जेवणाची वेळ तुमच्या नेहमीच्या वेळेपेक्षा थोडी अलीकडे घ्या. फूड कोर्टमध्ये गर्दी फार झपाट्याने वाढते, आणि एकदा ती झाली की ट्रे हातात घेऊन टेबल शोधत फिरण्याची पाळी येते. मुले असताना फूड कोर्ट सोयीचे पडते, कारण प्रत्येकाला आपल्या आवडीचे घेता येते आणि वाट पाहावी लागत नाही. पण तिथल्या खुर्च्या सहसा टणक असतात आणि फरशी, काच व उंच छत यांमुळे आवाज सतत घुमत राहतो. ज्यांना कमी ऐकू येते किंवा जे श्रवणयंत्र वापरतात त्यांना अशा गोंगाटात समोरच्याचे बोलणे वेगळे काढता येत नाही, ते हळूहळू गप्प होतात आणि घरच्यांना वाटते की ते कंटाळले. तुमच्या आई-वडिलांच्या बाबतीत असे होत असेल तर थोडा अधिक खर्च करून, पाठ टेकून बसता येईल अशा स्वतंत्र रेस्टॉरंटमधला कोपरा आधीच आरक्षित करावा. दिवसाच्या मध्यावर शांतपणे बसायला मिळालेला तासभर पुढची सगळी दुपार सावरतो. फूड कोर्टच घेतले तर आधी वडीलधाऱ्यांना बसवावे, मगच एकेकाने काउंटरवर जावे.

सरकत्या जिन्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक त्याकडे फार निष्काळजीपणे पाहतात. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना जे ब्रश दिसतात ते बूट पुसण्यासाठी नसतात. पायरी आणि बाजूची पट्टी यांमधल्या फटीपासून पाऊल दूर राहावे म्हणून ते बसवलेले असतात. मऊ रबराची पादत्राणे, सुटलेल्या नाड्या आणि लोंबणारी वस्त्रे त्याच फटीत किंवा शेवटच्या दातेरी पट्टीत अडकण्याचा धोका असतो, म्हणून मुलाला पायरीच्या मध्यभागी, समोर तोंड करून, हात धरून उभे करावे आणि उतरताना पाऊल उचलून टाकायला सांगावे. वरच्या व खालच्या टोकाला लाल रंगाचे थांबवण्याचे बटण असते, ते कुठे आहे हे चढण्याआधी पाहून ठेवावे. बाबागाडी आणि काठी घेऊन चालणारी माणसे यांनी लिफ्टच वापरावी, तिथे थांबावे लागले तरी.

मूल चुकले तर काय करायचे हे आत शिरतानाच सांगून ठेवावे: आहे तिथेच थांबायचे, गणवेशातल्या कर्मचाऱ्याला किंवा काउंटरवरच्या माणसाला सांगायचे, कोणासोबतही इमारतीबाहेर जायचे नाही. पालकाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. प्रत्येक मजल्यावर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कुठे आहे तेही पाहावे, कारण आग लागल्यास लिफ्ट वापरायची नसते.

करमणुकीचा भाग जेवणानंतर ठेवावा. सिनेमा ठरवला असेल तर त्याची वेळच दिवसाला आकार देते, म्हणून तिकिटे आधी काढावीत आणि त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात कोणतीही खरेदी ठेवू नये. आई-वडिलांना सिनेमा नको असेल तर नुसते फिरणेही चांगले. सपाट फरशी, मधूनमधून बाके, जवळ स्वच्छतागृह आणि हवामानाचा त्रास नाही, या कारणांनी शॉपिंग सेंटर ही वृद्धांच्या चालण्यासाठी उत्तम जागा आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली अशा चालण्याच्या उपक्रमांसाठी खास मार्गदर्शिका काढली होती. गोंगाट किंवा झगमगाट सहन न होणारे कोणी घरात असेल तर सेंटरमध्ये शांत तास ठेवतात का, याची चौकशी करावी. काही ठिकाणी ठरावीक वेळी संगीत बंद आणि दिवे मंद ठेवले जातात.

निघण्याची वेळ सर्वांना आधी माहीत असावी, विशेषतः मुलांना, म्हणजे खेळाच्या जागेतून ओढून न्यावे लागत नाही. त्याच्या अर्धा तास आधी एका बाकावर बसून सगळ्या पिशव्या यादीशी ताडून पाहाव्यात, कारण चुकीच्या मापाची किंवा काउंटरवरच राहिलेली वस्तू तेव्हा पाच मिनिटांत बदलून आणता येते. मग जड सामान घ्यावे. पार्किंगचे पैसे गाडीकडे जाण्यापूर्वी आतल्या यंत्रावर भरायचे असतील तर एकाने पुढे जाऊन ते भरावेत, सकाळी गाडी लावताना जवळच्या खांबाच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, त्यावरून गाडी शोधावी आणि ती लिफ्टजवळ आणावी. तोवर बाकीच्यांनी बसून राहायला हरकत नाही.