फोर्टिफाइड, ड्राय आणि व्हर्मुथ

प्रश्न असा आहे: एका पाककृतीत 'ड्राय व्हर्मुथ किंवा दुसरी एखादी फोर्टिफाइड वाइन' असं दिलंय. पिठात जीवनसत्त्वं मिसळतात, तसलंच हे फोर्टिफाइड का? मराठीत काय म्हणावं?

जीवनसत्त्वांचा इथे काडीचा संबंध नाही. वाइनमध्ये वरून कडक मद्यार्क, बहुधा द्राक्षांपासूनच काढलेला, घातला की ती फोर्टिफाइड. त्यामुळे 'पोषणवर्धित' साफ चुकेल आणि 'बलवर्धित' टॉनिकच्या बाटलीवर शोभेल. 'मद्यार्कवर्धित' उच्चारायला जड आहे खरा, पण नेमका आहे. मी तोच घेईन.

यातली खरी गंमत मद्यार्क कधी घालतात यात आहे. पोर्तुगालच्या पोर्ट नावाच्या वाइनमध्ये तो द्राक्षांचा रस आंबत असतानाच, साधारण 77 टक्के तीव्रतेचा, ओततात. साखरेचा मद्यार्क करणारं यीस्ट तिथेच मरतं, न आंबलेली साखर मागे उरते. म्हणून पोर्ट सहसा गोड. स्पेनमधल्या हेरेसच्या शेरी या वाइनमध्ये तो आंबणं संपल्यावर पडतो, म्हणून ती मुळात अगोड. त्यातही फिनो प्रकारात मद्यार्क 15 टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण तेवढ्यात पिंपातल्या वाइनवर यीस्टची पांढरट साय तगते. शेरीच्याच ओलोरोसो प्रकारासाठी तो 17 टक्क्यांच्या वर नेला की ती साय जगत नाही आणि हवेशी संबंध येऊन वाइन तपकिरी होते.

व्हर्मुथ मद्यार्कवर्धित तर आहेच, शिवाय वनस्पतींनी सुगंधित केलेली. नाव जर्मन 'वेर्मूट'वरून आलं. ती एक कडूजहर वनस्पती. आपला दवणा तिचाच भाऊबंद, दोघं आर्टेमिसिया प्रजातीतले. युरोपीय संघाच्या नियमानुसार आर्टेमिसियाशिवाय व्हर्मुथ हे नाव लावता येत नाही, आणि मद्यार्क 14.5 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान लागतो. आधुनिक गोड व्हर्मुथचं श्रेय 1786 साली तुरीनमध्ये ती विकणाऱ्या आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानोला देतात. (फ्रेंच उच्चार 'वेर्मूत', शेवटचा 'थ' आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंगमुळे आला. दोन्ही चालवून घ्यावेत.)

'ड्राय'चं भाषांतर 'कोरडी' करू नका, वाचणारा बाटली उलटी करून बघेल. 'अगोड' म्हणा. तेही तुलनेनं, बरं का: युरोपीय नियमांत ड्राय व्हर्मुथमध्ये लिटरला 50 ग्रॅमपर्यंत साखर चालते, स्वीटमध्ये ती निदान 130 ग्रॅम हवी.

पाककृतीतल्या 'किंवा'वर मात्र माझा आक्षेप आहे. ड्राय व्हर्मुथ पांढऱ्या वाइनच्या जागी छान चालते. मासे, चिकन, मलईदार सॉस, काहीही. फक्त थोडी कमी घाला, कारण वनस्पतींचा वास आधीच आहे. फिनो शेरीही निभावेल. पण तिथे पोर्ट घातली तर आटवताना साखर दाट होत जाते आणि माशाचा सॉस पाकासारखा लागतो. पोर्ट तांबड्या मांसाच्या सॉसला द्यावी.

शिवाय 'मद्यार्कवर्धित' म्हणजे न बिघडणारी, असं नाही. व्हर्मुथ उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, महिना-दोन महिन्यांत संपवा. फिनो तर आठवड्याभरातच. मदेइरा ही पोर्तुगालच्या त्याच नावाच्या बेटावरची मद्यार्कवर्धित वाइन एवढी मात्र बिनधास्त: ती बनतानाच उष्णतेत आणि हवेत मुरलेली असते, त्यामुळे उघडी बाटली कित्येक महिने टिकते.