मुद्दल चार, व्याज अकरा

गोव्याची शर्यत होऊन आठवडा-दोन आठवडे गेले की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, ठरावीक फोन यायला लागतात. आवाज वेगळा, वाक्य तेच. "मॅडम, वर्षभर घासली आणि टायमिंग मागच्या वर्षीपेक्षा वाईट. सगळा सीझन फुकट गेला."

२०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, सगळं सलग. मधला करोनाचा खंड सोडला, तर कोल्हापूर-सांगली-पुण्याकडच्या हौशी मंडळींचं वर्ष तेव्हापासून तिच्याभोवतीच बांधलेलं असतं. आधी साताऱ्याची हिल मॅरेथॉन, मग तलावात पोहायची एखादी छोटी ट्रायथलॉन, मग गोवा, आणि अंगात जोर उरलाच तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचवरचं सागरी जलतरण. चार ठिकाणची चार घड्याळं आणि त्यांची बेरीज करून स्वतःला पास-नापास ठरवणारी माणसं. ती माझ्यासमोर बसतात तेव्हा बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर आकड्यांचा तक्ता.

असेच एक गृहस्थ. (तीन-चार जणांची सरमिसळ केली आहे, ओळख बदलली आहे.) वय ४४, सहकारी बँकेत वसुली अधिकारी. दुसऱ्यांदा गोवा केलं होतं. मागच्या वर्षी ७ तास २ मिनिटं, या वर्षी ७ तास १९. घरी चिडचिड, झोप तुटक, सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली. बायको म्हणाली होती, "पदक मिळालंय ना? मग सुतक कसलं पाळताय?"

पोहताना छाती आवळल्यासारखी झाली होती, असं ते जाता जाता बोलून गेले. मी तिथेच थांबवलं आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चाळिशीनंतर पाण्यात छाती आवळली, तर ती भीतीच आहे असं समुपदेशकाने परस्पर ठरवू नये. आणखी एक खूण लक्षात असू द्या. थांबल्यावरही दम बसत नाही, खोकला येतो, फेसाळ किंवा लालसर थुंकी पडते, तर ती घबराट नव्हे. फुप्फुसात पाणी साचत असू शकतं. हात वर करून तिथल्या तिथे पाण्याबाहेर यायचं. यांचा ईसीजी, इको, ट्रेडमिल सगळं चांगलं आलं. मग आम्ही बोलायला बसलो.

पहिल्या दोन भेटी त्यांच्या तक्त्यातच गेल्या. "तलावात १९०० मीटर ४९ मिनिटांत केलं. बँकेजवळच्या टँकमध्ये तर ४६. आणि गोव्यात ५८!"

"टँक किती मीटरचा?"

"पंचवीस."

"म्हणजे पंच्याहत्तर वेळा भिंतीला पाय लावून ढकललंत. समुद्रात भिंत कुठे होती?"

ते हसले, पण आकडा काही सोडला नाही. गंमत म्हणजे हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भिंतीला दिलेला प्रत्येक रेटा म्हणजे फुकटचा वेग आणि क्षणभराची विश्रांती. समुद्रात लाट, ओढ, शेजाऱ्याची कोपरं, आणि बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) दिसावी म्हणून दर सहा-आठ हातांनी डोकं वर काढणं. वेटसूट आपल्याकडच्या कोमट पाण्यात नसतो, म्हणजे तरंगायलाही उसनी मदत नाही. साताऱ्यात अर्धी शर्यत यवतेश्वरचा घाट चढायची आणि उरलेली उतरायची. तिथला वेग मिरामारच्या दमट उन्हात कसा लागू पडेल? पण माहिती असणं वेगळं आणि स्वतःला माफ करणं वेगळं. घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण मनात म्हणतो ते वाक्य माणसाला जास्त छळतं, असं मी मानते. म्हणून मी ते वाक्य शोधत होते. तिसऱ्या भेटीत ते त्यांच्या वहीतच सापडलं. गोव्याच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: 'कयाक – ४ मि. वाया.'

"त्या चार मिनिटांत काय केलंत?"

"काही नाही. कयाक धरून थांबलो."

"नुसते थांबलात?"

बराच वेळ ते गप्प होते. मग एकेक करून बाहेर आलं. चारशे मीटरवर नाकातोंडात खारं पाणी गेलं, श्वास वरच्या वर अडकला, परत फिरावंसं वाटलं. उताणे झाले, जमेना. हात वर केला. कयाक आली, तिची कडा धरली. (नियमाने धरता येते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.) चार आकडे मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. कयाकवरच्या पोराने विचारलं, "काका, बाहेर नेऊ का?" हे म्हणाले, "थांब जरा." मग कडा सोडली आणि उरलेलं दीड किलोमीटर पोहून बाहेर आले.

"वर्षभरातलं सगळ्यात अवघड काम तुम्ही 'वाया'च्या खात्यात टाकलंय," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरले. इथे थांबणं सोपं होतं, पुष्कळ जण थांबतात, आणि अशील खूश होऊन घरी जातं. मला मात्र त्या सतरा मिनिटांचा हिशेब पुरता लागल्यासारखा वाटेना. मी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडायला सांगितले. पोहणं ५२ मिनिटांवरून ५८. सायकल ३:२२ वरून ३:२५. धावणं २:३४ वरून २:४१. कपडे-सामान बदलायची दोन ठिकाणं मिळून १४ वरून १५.

"पोहण्यातल्या सहांपैकी चार कयाकपाशी, दोन समुद्राची. उरलेली अकरा कुठे गेली?"

हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता. उत्तर त्यांनी स्वतःच बोटं मोजत काढलं. चार मिनिटं भरून काढायची म्हणून पाण्यातून पळतच बाहेर आले, हेल्मेटचा पट्टा न लावता सायकल उचलायला गेले, कार्यकर्त्याने अडवलं, परत ठेवायला लावली. पहिले तीस किलोमीटर दात-ओठ खाऊन मारले. पाण्याच्या पहिल्या ठाण्यावर हात पुढे केला नाही, वेळ जाईल म्हणून. ९० किलोमीटरमध्ये पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, बस. धावताना पहिले पाच किलोमीटर, किलोमीटरला ६:४० मिनिटं या वेगाने, त्यानंतर पोटरीत गोळे, आणि शेवटचे सहा जवळजवळ चालत.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मुद्दल चार, आणि व्याज अकरा."

"आणि वसुली कोणाकडून केलीत?"

"स्वतःकडूनच की, मॅडम."

"थकलेला कर्जदार समोर आला, तर बँकेत काय करता?"

"हप्ते पाडून देतो. अगदीच बुडीत असेल तर रक्कम निर्लेखित करतो, म्हणजे हिशेबातून काढून टाकतो. नरडं धरलं तर आहे तोही बुडतो."

त्यानंतर मी फारसं बोलले नाही. गेलेला वेळ त्याच शर्यतीत, त्याच तासात भरून काढायचा हट्ट हा या मंडळींचा खरा आजार, असं माझं मत आहे, आणि तो शर्यतीपुरता राहत नाही. यांची दोन वर्षांपूर्वी बढती हुकली होती. त्यानंतरचा एकही रविवार त्यांनी मोकळा सोडला नव्हता. ते त्यांचं त्यांना दिसलं. मी फक्त बोट दाखवलं.

पुढच्या तीन भेटी कामाच्या होत्या. असा फोन करणाऱ्यांना तेच सांगते.

पाण्यात पहिले दोनशे मीटर मुद्दाम हळू, गर्दीच्या कडेने. श्वास पाण्यातच पूर्ण सोडायचा. घबराट बहुतेकदा श्वास आत न आल्याने नाही, तर बाहेर न सोडल्याने वाढते. उताणं तरंगणं, ब्रेस्टस्ट्रोकवर येणं, हात वर करणं, या तिन्हींचा सराव आधीच करा, तोही खुल्या पाण्यात आणि सोबतीनेच.

पाण्याचा हिशेब घरी करा. तासभर उन्हात सायकल चालवा, आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन घ्या. यांचं ७४.६ वरून ७३.९ झालं, वाटेत अर्धा लिटर प्यायले होते. म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. साडेतीन तासांजवळ सायकल आणि पोटात दीड लिटर, मग गोळे आले यात नवल कसलं? आता ते तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितात, मीठ-साखर घालून. गेलेला सगळा घाम भरायला जाऊ नका. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात, तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट. सोबत तासाला ६० ग्रॅमच्या जवळपास कर्बोदकं. जेल असो, केळी असोत, चिक्की असो. पण शर्यतीच्या दिवशी नवं काही नको.

सायकलचे पहिले तीस किलोमीटर पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने. धावण्याचे पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद सावकाश. हेल्मेटचा पट्टा आधी, सायकलला हात नंतर.

आणि गोव्यानंतर तीन आठवडे तक्ता बंद. चाला, झोपा, पोरांना शाळेत सोडा. पण उदासपणा त्यापुढेही तसाच राहिला, भूक-झोप परतली नाही, तर पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी कोणाशी तरी बोला.

डिसेंबरात ते मालवणला गेले, छोट्या अंतरात. परत आल्यावर वही दाखवायला आले. चिवल्याला सुरुवातीलाच लाटेने तोंडात पाणी भरलं होतं; उताणे होऊन श्वास बसवला आणि मग सावकाश निघाले. पानावर निळ्या शाईत एकच नोंद होती: '१ मि. – निर्लेखित.' एकूण वेळ लिहायचा राहून गेला होता. मी विचारल्यावर त्यांना आठवेना.