मैत्रिणीच्या कर्जाला जामीन राहिले, आता वसुली माझ्या दारात

प्रश्न : सेलूहून (जि. परभणी) एका ताईंनी चार पानं भरून लिहिलंय. त्याचा सारांश देतो. ताईंची खानावळ आहे. पहाटे डबे, दुपारी ताटं, उन्हाळ्यात कुरडया-पापड आणि लग्नसराईत येसराच्या ऑर्डरी. गावात कुणाचं बाळंतपण असो की मयत, ताई तिथं हजर. अशाच ओळखीतून २०२१ मध्ये एका मैत्रिणीनं साड्यांचं दुकान टाकायला पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज घेतलं, तेव्हा ताई जामीन राहिल्या. दुसरे जामीनदार एक शिक्षक. संस्थेनं ताईंकडून दोन कोरे धनादेशही सही करून घेतले. दुकान बसलं, मैत्रीण पुण्याकडं निघून गेली. आता व्याजासह चार लाख वीस हजार थकलेत. वसुलीचा माणूस भर जेवणाच्या वेळी गिऱ्हाइकांसमोर ओरडून गेला, आणि सहायक निबंधकांकडून (सहकार खात्याचे अधिकारी) महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालच्या वसुली-सुनावणीची नोटीस आलीय. ताई विचारतात : पैसे तिनं वापरले, मग आधी तिच्याकडून वसूल करायला नको का? मला अटक होईल का? खानावळीची भांडी आणि मंगळसूत्र जाईल का? यजमान म्हणतात की तुझ्या नावचा प्लॉट लेकराच्या नावे बक्षीसपत्र करून टाक. करू का?

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं घाई झाली तर बाकीचा सल्ला वाया जाईल. बक्षीसपत्र करू नका. घेणेकऱ्याला चुकवण्यासाठी किंवा त्याला उशीर लावण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून मागता येतं. नोटीस हातात पडल्यावर पोटच्या मुलाला, मोबदला न घेता दिलेला प्लॉट हे त्याचं नमुनेदार उदाहरण ठरेल. शिवाय आज तुमची बाजू ‘मैत्रिणीसाठी सही केली’ एवढीच आहे. उद्या ती ‘मालमत्ता लपवली’ अशी होईल, आणि तडजोडीला बसायचं तर हे फार महागात पडतं.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडं सांगतात, ‘नुसती सही लागते, तुम्हाला काही होत नाही.’ कायदा असं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी तिच्याकडून घ्या, उरलं तर माझ्याकडं या’ असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९६९ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून सुनावणीत या एकाच मुद्द्यावर रडू नका, तो टिकणार नाही.

टिकणारे मुद्दे कागदात असतात, आणि ते कागद सध्या संस्थेच्या कपाटात आहेत. तारखेला जाऊन पहिलं काम म्हणजे कर्ज अर्ज, जामीनपत्र, वचनचिठ्ठी, तारणाची कागदपत्रं आणि सुरुवातीपासूनचा खाते उतारा यांच्या नकला लेखी अर्जानं मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उताऱ्यात एक गोष्ट शोधा : मधल्या काळात कर्जाचं ‘नवं-जुनं’ झालंय का? मार्चअखेर थकबाकी कमी दिसावी म्हणून जुनं खातं बंद करून त्याच दिवशी नवं कर्ज टाकण्याची ही रीत तुम्हालाही ऐकून माहीत असेल. तुम्हाला न विचारता कराराच्या अटी बदलल्या असतील, तर कलम १३३ प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरते तुम्ही मोकळ्या होता. नव्या कर्जाच्या जामीनपत्रावर तुमची सही नसेल तर मुद्दा आणखी भक्कम. तसंच दुकानातला माल तारण होता आणि संस्थेनं तो हातचा जाऊ दिला, तर कलम १४१ खाली त्या मालाच्या किमतीइतकी तुमची जबाबदारी कमी होते. संस्थेनं नुसती वसुलीत ढिलाई केली एवढ्यानं मात्र सुटका नाही.

एक पथ्य. छापील जामीनपत्रात बऱ्याचदा बारीक अक्षरात ‘जामीनदार हे सर्व हक्क सोडून देत आहे’ असं कलम असतं, आणि न्यायालयं ते साधारणपणे मानतात. म्हणून जामीनपत्र वाचून घेतल्याशिवाय या मुद्द्यांवर भिस्त ठेवू नका.

सुनावणीला गेलाच नाहीत, तर एकतर्फी वसुली दाखला निघेल. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचा अधिकार त्यातून मिळतो. त्याविरुद्ध महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज (दाखला वरिष्ठांकडून तपासून घेण्याचा अर्ज) करता येतो, पण दाखला कळल्यापासून दोन महिन्यांत, आणि वसुलीच्या रकमेपैकी निम्मे पैसे आधी भरून. म्हणजे आज तासभर खानावळ बंद ठेवून जे विनामूल्य मांडता येतं, त्यासाठी नंतर दोन लाख दहा हजार मोजावे लागतील. ही तारीख चुकवू नका. (संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी, असेल तर रस्ता वेगळा, २००२ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ८४ खाली लवादाचा. तुमच्याकडं सहायक निबंधकांची नोटीस आहे, म्हणजे संस्था राज्याच्या कायद्याखालची दिसते.)

अटकेबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. गिऱ्हाइकांसमोर ‘आत टाकीन’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असूनही तो बोलत असावा. कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, घरचा स्वयंपाकाचा भांडीकुंडा, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्री जे दागिने उतरवू शकत नाही ते जप्तीतून वगळलेले आहेत. मंगळसूत्र त्यात येतं. वसुली अधिकारी जप्तीला आला तर हीच हरकत लेखी घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ मध्ये अशा हरकतीची चौकशी करण्याची तरतूद आहे. धंद्याचे मोठे फ्रीज, गॅस-शेगड्या आणि प्लॉट यांना हे संरक्षण गृहीत धरू नका. राहतं घर यजमानांच्या नावे असेल आणि ते जामीन नसतील, तर त्यांनी नगरपरिषदेचा उतारा घेऊन स्वतःच्या नावे हरकत घ्यावी.

अटकेची खरी वाट कोऱ्या धनादेशांतून जाते. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख ओझरता केलाय, मला मात्र सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते. धनादेश न वटल्याचा गुन्हा (पराक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८) फौजदारी आहे. तिथं कलम ५६ चं संरक्षण नाही, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘कोरा दिला होता, रक्कम त्यांनी भरली’ हा बचाव एकटा पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलंय की सही तुमची असेल तर रक्कम दुसऱ्यानं भरली तरी तुमचं देणं होतं असंच कायदा गृहीत धरतो. जामीनदाराचा धनादेशही या कलमात येतो. बँकेला सांगून पेमेंट थांबवलं किंवा खातं बंद केलं तरी खटला टळत नाही.

मग करायचं काय? चेकबुकच्या अडगळीतून त्या दोन धनादेशांचे क्रमांक काढा आणि संस्थेला पत्र द्या : हे धनादेश अमुक तारखेला, कोरे, केवळ जामिनकीपोटी घेतले होते. काही रक्कम भरलीत तर पावती घ्या, भरणा बँकेतूनच करा. थोडी रक्कम भरूनही संस्थेनं ती न वगळता पूर्ण आकड्याचा धनादेश वटवायला टाकला, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असा २०२२ चा निकाल आहे. धनादेश परतल्याची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवस हातात असतात. त्या पाकिटाला ‘घरी नाहीत’ म्हणून परत पाठवू नका, तो शहाणपणा उलटतो.

ओरडून गेलेल्या माणसाची लेखी तक्रार संस्थेच्या अध्यक्षांना आणि सहायक निबंधकांना द्या. पुन्हा धमकावलं तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ आणि ३५२ खाली अर्ज करता येतो. त्या दिवशीच्या दोन गिऱ्हाइकांची नावं लिहून ठेवा. पण कर्ज त्यामुळं फिटत नाही, म्हणून सगळी ताकद तिकडंच घालवू नका.

तडजोडीचं बोलणं शिक्षकांना सोबत घेऊन करा. तुम्ही दोघं सहजामीनदार आहात, आणि करार कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे आपसांत भार निम्मा-निम्मा. एकरकमी परतफेडीची सवलत लागू होते का, तेही संस्थेला लेखी विचारा. तुम्ही जे भराल ते मैत्रिणीकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क आहे (त्याच कायद्याची कलमं १४० आणि १४५). त्यासाठी भरल्यापासून तीन वर्षांची मुदत. तिचा फोन लागत असेल तर भांडू नका, तेवढं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कर्ज माझं आहे, मी फेडीन’ असं लिहून घ्या.

वकिलाच्या फीची चिंता पत्रात दिसली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तुमच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या.

आणि पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहिलंय की नणंदेच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटलाही (लागेल तशी उचल करायच्या बँक कर्जालाही) तुम्ही जामीन आहात. ती चालू हमी आहे, म्हणजे पुढच्या प्रत्येक उचलीलाही लागू राहणारी. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे पुढच्या उचलीपुरती ती मागं घेता येते, त्यासाठी बँकेला लेखी नोटीस द्यावी लागते. नणंदबाईंना आधी सांगा, मग त्याच आठवड्यात नोटीस स्पीड पोस्टानं पाठवून पोच जपून ठेवा.