वॉरंटी संपलेल्या मशीनचा सुटा भाग कंपनी देत नसेल, तर दुरुस्तीचा हक्क बजावता येतो का?

आपल्या चार वर्षे जुन्या वॉशिंग मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मिळत नाही म्हणून कंपनी नवीन मशीन घ्यायला सांगते, आणि वॉरंटी चालू असताना बाहेर दुरुस्ती केल्यास ती जाते का, असेही आपण विचारले आहे.

दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केले. तिथे सेवा केंद्रांची व सुट्या भागांची माहिती मिळते, भाग हाती पडेलच असे नाही. वॉरंटीबाबत, बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचा 2014 चा आदेश उपयोगी आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे त्यात मोटार कंपन्यांना बजावले होते. मात्र तो मोटारींपुरता आहे आणि त्यावर अपिलेही झाली.

गेल्या पावसाळ्यात म्हापशाला आमच्या घरी विजेचा लपंडाव चालू असताना मशीन बंद पडले, तेव्हा मलाही हेच उत्तर मिळाले. बाजारातल्या मेकॅनिकने बोर्ड काढला, तर तो राळेसारख्या थरात बुडवलेला होता. आपल्याकडच्या दमट हवेत हा थर हवाच, पण दुरुस्ती अवघड होते तीही त्याच्यामुळेच. गरम हवेने तो मऊ करून, खरवडून, त्याने जळालेला फ्यूज आणि विजेचा जादा दाब अडवणाऱ्या व्हॅरिस्टरची काळी पडलेली चकती बदलली. अख्खा बोर्ड टाकण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

आपण आधी 'भाग उपलब्ध नाही' हे जॉबशीटवर, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, किंवा ईमेलने लेखी मागा, कारण तोंडी नकाराला पुरावा नसतो. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. निकाल हमखास आपल्या बाजूने लागेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

माझ्या बाबतीत, लेखी मागितल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीला बोर्ड 'सापडला'. तोवर मशीन चालू झाले होते.