विश्वसनीय काटा आणि मापातलं पाप

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘एका पुस्तकात सप्रमाणता आहे, दुसऱ्यात वैधता. दोन्ही एकच का? आणि चाचणी विश्वसनीय असूनही सप्रमाण नसू शकते, हे वाक्य मला उलटंच वाटतं. विश्वास ठेवण्याजोगी आहे, तर मग खोट कुठे?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, दोन्ही एकच. काही पुस्तकांत ‘यथार्थता’ही सापडेल. तिन्ही शब्द व्हॅलिडिटीसाठीच आहेत, म्हणजे चाचणी जे मोजते असं म्हणते तेच ती मोजते का, यासाठी. दुसऱ्या प्रश्नातला गोंधळ मात्र तुमचा नाही, शब्दाचा आहे.

‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ असं वर्तमानपत्र म्हणतं, तेव्हा बातमी खरी आहे असं त्याला सुचवायचं असतं. मापनशास्त्रातली विश्वसनीयता एवढं मोठं आश्वासन देत नाही. तिचं म्हणणं इतकंच, की तीच वस्तू पुन्हा मोजली तर आकडा जवळपास तोच येईल. एखाद्या भाजीवाल्याचा काटा किलोमागे नेमका 50 ग्रॅम मारत असेल, तर गिऱ्हाइकाच्या भाषेत ते मापात पाप. मापनशास्त्राच्या भाषेत तो काटा उत्तम विश्वसनीय! दर वेळी इमानेइतबारे तेवढंच फसवतो. ‘सातत्य’ हा शब्द रूढ झाला असता तर निम्मे विद्यार्थी अडखळले नसते, असं मला वाटतं. पण आता उशीर झाला.

काट्याचं एक बरं असतं, तो निदान वजनच मोजत असतो. मानसशास्त्रात तेही गृहीत धरता येत नाही. फ्रान्सचा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याने सुरुवातीच्या काळात शाळकरी मुलांची डोकी मोजली होती. हुशार मुलाचं डोकं मोठं, ही त्या काळची प्रतिष्ठित समजूत. आता टेप नीट धरली तर डोक्याचा घेर आज आणि उद्या तोच भरतो, म्हणजे विश्वसनीयतेला तोटा नाही. पण हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांतला फरक इतका किरकोळ निघाला, की बिनेने तो नाद सोडला. पुढे 1905 मध्ये त्याने थिओडोर सिमोनबरोबर बुद्धी मोजायला 30 कृतींची श्रेणी, म्हणजे चाचणी, तयार केली. तिच्यात आकडे लक्षात ठेवणं, शब्दांचे अर्थ सांगणं, वस्तूंची तुलना करणं असली कामं होती. टेपमध्ये दोष नव्हता. टेपवरच्या आकड्याला ‘बुद्धी’ म्हणणं चूक होतं. हा जो ‘म्हणण्या’चा भाग आहे, तिथे सप्रमाणतेचा प्रश्न येतो.

याचं उलट, म्हणजे सप्रमाण आहे पण विश्वसनीय नाही, असं मात्र जमत नाही. टेप रबराची असेल आणि दर वेळी वेगळा आकडा देत असेल, तर त्या आकड्याचा अर्थ काय हे विचारण्यातच अर्थ नाही.

आता तीन शब्दांपैकी बरा कोणता? ‘वैध’ हा विधीपासून आला, म्हणजे नियमाला धरून असलेला. पास वैध असतो, मुदत संपली की अवैध होतो. आपल्याकडे ‘जात वैधता प्रमाणपत्र’ इतकं कानावर पडतं, की वैधता म्हटल्यावर डोळ्यांसमोर आधी शिक्का येतो. चाचणीला असा शिक्का एकदाचा मारून मिळत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीतून शाब्दिक गणितं घातली, तर गुण पुन्हा तेच येतील, पण मोजलं गेलं ते बहुधा इंग्रजी. इंग्रजीत वाढलेल्या मुलासाठी तोच पेपर गणिताचा ठरेल. म्हणूनच बिनेची चाचणी इकडे आणताना नुसता तर्जुमा पुरला नसता. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं, तीच ‘बिने-कामत’.

‘सप्रमाणता’ला अडचण वेगळी. ‘प्रमाण’ या शब्दावर मराठीने भलताच भार टाकला आहे: पुरावा, मोजमाप, गुणोत्तर, आदर्श, सगळं तेच. त्यामुळे सप्रमाणता, प्रमाणीकरण आणि प्रमाण विचलन एकाच पानावर आले, की ते सख्खे भाऊ वाटतात. नाहीत. प्रमाणीकरण म्हणजे सगळ्यांना त्याच सूचना, तोच वेळ, तीच गुणदान पद्धत, आणि तुलनेसाठी मोठ्या गटावरून काढलेली मानकं. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप.

माझी पसंती ‘यथार्थता’ला. आकडा हातात आला, त्याला आपण जो अर्थ चिकटवतो आहोत त्याला तो जागतो का, हे त्या शब्दात उघड दिसतं. गंमत म्हणजे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, यथार्थ अनुभवाला ‘प्रमा’ म्हणतात आणि प्रमेच्या साधनाला ‘प्रमाण’. म्हणजे सप्रमाणता आणि यथार्थता मुळात शेजारीच राहतात.

परीक्षेत मात्र नेमलेल्या पुस्तकातला शब्द लिहा, आणि पहिल्यांदा लिहिताना पुढे ‘म्हणजेच व्हॅलिडिटी’ एवढं जोडा. तपासणाऱ्याच्या हातात दुसरं पुस्तक असू शकतं.